परदेशातील बिऱ्हाड आणि लग्नाचे कागद

ब्रिटिश नागरिकाच्या, किंवा ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या व्यक्तीच्या पतीला अथवा पत्नीला तिथे संसार थाटण्यासाठी जो व्हिसा लागतो, तो स्पाउस व्हिसा किंवा सेटलमेंट व्हिसा या नावाने ओळखला जातो. मुंबईत ‘नवऱ्याच्या व्हिसावर गेली’ असे सरसकट म्हटले जाते, पण त्या एका वाक्यात दोन निराळे व्हिसा दडलेले असतात. भारतीय नागरिक नोकरीसाठी ब्रिटनला गेला, तर त्याच्या पत्नीला डिपेंडंट व्हिसा मिळतो. तो नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. सेटलमेंट व्हिसा नोकरीवर नव्हे, नात्यावर उभा असतो आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याकडे नेतो. जानेवारी २०२४पासून बहुतेक विद्यार्थ्यांना आणि ११ मार्च २०२४पासून केअर वर्करना जोडीदार सोबत नेण्याची मुभा उरलेली नाही. सेटलमेंट व्हिसाचा मार्ग खुला आहे, मात्र त्याच्या अटी कडक आहेत.

या अटींना इतिहास आहे. १९६२च्या कायद्यापर्यंत राष्ट्रकुलातील नागरिक ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊ शकत. पुढे निर्बंध वाढत गेले आणि लग्नाकडे संशयाने पाहण्याची रीत पडली. जानेवारी १९७९मध्ये हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय महिलेची कौमार्य तपासणी झाल्याचे उघड झाले. गदारोळानंतर ही पद्धत बंद करावी लागली. पती आणि पत्नी यांना वेगळे नियम लावणे हा लिंगभेद आहे, असा निकाल १९८५मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने दिला. त्यावर ब्रिटनने पतींसाठीचे नियम सैल केले नाहीत, पत्नींसाठीचेही तितकेच कडक केले. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे, असा नियम १९९७पर्यंत होता. तो गेला, त्याची जागा २०१२पासून मिळकतीच्या अटीने घेतली.

नोंदणी: विभाग कार्यालयापासून सुरुवात

अर्जाचा पहिला कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. मंगल कार्यालयात चारशे माणसांसमोर अक्षता पडल्या, तरी व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी सरकारी नोंद हाच लग्नाचा पुरावा. महाराष्ट्रात धार्मिक विधीने झालेल्या लग्नाची नोंद १९९८च्या कायद्यानुसार होते. मुंबईत हे काम महापालिकेची विभाग कार्यालये करतात: गिरगावच्या बहुतेक भागासाठी नाना चौकातील डी विभाग, दादर पश्चिमेसाठी प्लाझा सिनेमामागील जी उत्तर, तर परळ-लालबागसाठी परळ नाक्यावरील एफ दक्षिण. वधू, वर आणि तीन साक्षीदार यांना नोंदणीसाठी हजर राहावे लागते. वयाचे व पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधीचा फोटो आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींचा तपशील जोडावा लागतो. नोंद लग्नानंतर ९० दिवसांत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क भरून करता येते. म्हणूनच वीस वर्षांपूर्वी लग्न झालेली जोडपीही परदेशी जायचे ठरल्यावर विभाग कार्यालयात दिसतात.

१९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे बोलीभाषेतले रजिस्टर लग्न करायचे असेल, तर मुंबई शहरात फोर्टमधील ओल्ड कस्टम हाउस गाठावे लागते. तिथे आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. परदेशातून दोन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या वराचे बेत या तीस दिवसांपाशीच फसतात.

जुनी प्रमाणपत्रे केवळ मराठीत असतील, तर त्यांचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्क त्यावर असावा लागतो.

एका बाईची दोन नावे

मराठी कुटुंबांत सर्वाधिक घोळ नावाचा होतो. इतर अनेक समाजांत लग्नानंतर फार तर आडनाव बदलते. मराठी रीतीत वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते आणि काही घरांत ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नावही लिहिले जाते. परिणामी दहावीच्या दाखल्यावर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरेच नाव दिसते. लंडनमधील अधिकाऱ्याला या तीन व्यक्ती वाटू शकतात.

लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल, तर त्याच नावाने अर्ज करता येतो. विवाह प्रमाणपत्रातील नाव पासपोर्टशी जुळले की पुरे. नाव बदलायचेच असेल, तर ते अर्जाच्या बरेच आधी, सगळ्या कागदांवर एकसारखे बदलणे सोयीचे. पहिले नावही बदलले असेल, तर ‘महाराष्ट्र शासन राजपत्रा’तील प्रसिद्धी हा भक्कम पुरावा ठरतो. हे राजपत्र काढणाऱ्या शासकीय मुद्रण संचालनालयाचे कार्यालय गिरगावातच, चर्नी रोडला आहे.

मुलांच्या दाखल्यांतही असे अडथळे असतात. मुंबईतील अनेक जुन्या जन्मदाखल्यांवर मुलाचे नावच नसते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे व्हायचे असते. नाव नंतर नोंदवून नवा दाखला घ्यावा लागतो. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्यात नावाचा क्रमही बदलला आहे: आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. एका घरातील दोन भावंडांच्या दाखल्यांत त्यामुळे वेगळी रचना दिसू शकते.

नाते खरे आहे का?

जोडीदार एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले असावेत, दोघांचे वय किमान १८ असावे आणि एकत्र राहण्याचा इरादा खरा असावा, अशी नियमाची मागणी आहे. ठरवून केलेल्या लग्नाला नियमाची हरकत नाही. कांदेपोह्यांतून जुळलेले स्थळ आणि महाविद्यालयात जमलेले प्रेम दोन्ही चालतात. लग्नाचा अल्बम मात्र एका दिवसाचा पुरावा असतो. नात्याचा पुरावा त्या दिवसाच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांतून द्यावा लागतो: भेटींची विमान तिकिटे, कॉलच्या नोंदी, संदेश, पाठवलेले पैसे, एकाच पत्त्यावरची बिले. ढीगभर फोटोंपेक्षा तारखांनिशी लावलेले मोजके पुरावे अधिक बोलके असतात.

मिळकतीचा हिशेब

बहुतेक अर्ज जिथे अडतात ती ही पायरी. जुलै २०१२मध्ये ब्रिटनने प्रायोजक जोडीदाराच्या वार्षिक मिळकतीसाठी १८,६०० पौंडांची किमान मर्यादा घातली. मुलांसाठी जादा रक्कम वेगळी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ही मर्यादा मुळात कायदेशीर ठरवली, पण मुलांच्या हिताचा विचार नियमांत अपुरा असल्याचे सांगितले. ११ एप्रिल २०२४पासून नव्या अर्जदारांसाठी मर्यादा २९,००० पौंड झाली आणि मुलांसाठीची जादा रक्कम रद्द झाली.

अर्ज मुंबईतून केला असेल, तर अर्जदाराचा इथला पगार या हिशेबात धरला जात नाही. पत्नी फोर्टमधील बँकेत अधिकारी असली, तरी मोजली जाते ती ब्रिटनमधील पतीची मिळकत. त्याने एकाच मालकाकडे सहा महिने नोकरी केली असेल, तर सहा महिन्यांच्या पगारपत्रिका, त्याच काळातील बँक खात्याचे उतारे आणि मालकाचे पत्र लागते. पगारपत्रिकेतील रक्कम खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे. ब्रिटिश जोडीदार मुंबईतच राहत असेल आणि सारे कुटुंब एकत्र निघणार असेल, तर त्याची भारतातील मिळकत आणि ब्रिटनमध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांत सुरू होणारी नोकरी, या दोन्हींचे पुरावे मागितले जातात.

मिळकत कमी पडली, तर बचत दाखवता येते. त्याचे सूत्र ठरलेले आहे: तुटीची अडीच पट अधिक १६,००० पौंड. मिळकत २७,००० असेल, तर तूट २,००० पौंड. तिची अडीच पट ५,००० आणि वर १६,००० मिळून २१,००० पौंडांची बचत हवी. केवळ बचतीवर अर्ज करायचा, तर ८८,५०० पौंड, म्हणजे सुमारे एक कोटी रुपये लागतात. ही रक्कम सहा महिने स्वतःच्या ताब्यात असावी लागते. आईवडिलांनी भेट दिलेली चालते, उसनी घेतलेली नाही. सोने, विमा पॉलिसी किंवा पुनर्विकासात मिळालेला फ्लॅट बचतीत मोजला जात नाही. घर विकून आलेले पैसे मात्र मालकीच्या पुराव्यासह धरले जातात.

खोल्यांचे गणित

ब्रिटनमधील घर दाटीचे नसावे, ही अट १९८५च्या तिथल्या गृहनिर्माण कायद्याने मोजली जाते. एका खोलीत दोन माणसे, दोन खोल्यांत तीन, तीन खोल्यांत पाच, असे हे प्रमाण आहे. बैठकीची खोलीही मोजतात. वर्षाच्या आतले मूल हिशेबात धरत नाहीत. एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे माणूस. दोन माणसांसाठी खोली किमान ११० चौरस फूट हवी आणि ५० चौरस फुटांखालची खोली खोलीच नव्हे. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी ब्रिटिश अमदानीतच, १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या ज्या खोलीत आठ-दहा माणसांनी आयुष्य काढले, ती या मापाने दोघांची ठरते. अर्जासोबत भाडेकरार किंवा मालकीचा कागद द्यावा लागतो. सासू-सासऱ्यांच्या घरी राहायचे असेल, तर घरमालकाचे संमतीपत्र आणि घरातील माणसांचा तपशील द्यावा लागतो.

भाषा, तपासणी आणि अर्ज

इंग्रजीची अट नोव्हेंबर २०१०पासून आहे. पहिल्या व्हिसासाठी ए-१ ही सर्वांत प्राथमिक पातळी, तीही फक्त बोलणे आणि ऐकणे यांची. मान्यताप्राप्त केंद्रावरच परीक्षा द्यावी लागते. इंग्रजी माध्यमातून पदवी घेतली असेल, तर परीक्षेऐवजी त्या पदवीला एक्टिस या ब्रिटिश संस्थेचे प्रमाणपत्र घेता येते. ६५ वर्षांवरील अर्जदारांना सूट आहे.

भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोग तपासणी बंधनकारक आहे. ती ब्रिटनने नेमलेल्या दवाखान्यातच करावी लागते; इतर रुग्णालयाचा अहवाल चालत नाही. छातीच्या एक्स-रेत शंका आली, तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या निकालाला दोन महिनेही लागू शकतात. प्रमाणपत्राची मुदत सहा महिने असते, म्हणून ते फार आधी काढून उपयोग नसतो.

अर्ज ऑनलाइन भरतात. नंतर व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे असतात. ब्रिटनसाठी हे काम व्हीएफएस ग्लोबल करते. दूतावासांच्या वतीने अर्ज स्वीकारण्याचा हा जगभर पसरलेला व्यवसाय २००१मध्ये मुंबईतच सुरू झाला. केंद्रातील कर्मचारी निर्णय घेत नाहीत. तो ब्रिटिश गृहखाते घेते. एप्रिल २०२५पासून शुल्क १,९३८ पौंड झाले. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे पहिल्या व्हिसासाठी तीन वर्षांचे ३,१०५. एका प्रौढ अर्जदाराचा खर्च असा पाच लाख रुपयांच्या पुढे जातो. मुलांचा अर्ज आणि शुल्क स्वतंत्र असते. अर्ज फेटाळला गेला, तर २८ दिवसांत मानवी हक्कांच्या आधारावर अपील करता येते.

इतर देशांत

जर्मनीही जोडीदाराकडून ए-१ पातळीची भाषा मागते, अर्थात जर्मन. तिचे वर्ग आणि परीक्षा काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवनात होतात. ब्लू कार्ड या उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर राहणाऱ्यांच्या जोडीदारांना ही अट नाही. कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठी लावायचा अपोस्टिल हा शिक्का भारतात २००५पासून मिळतो. पण जर्मनीने भारताच्या सहभागाला हरकत घेतल्यामुळे तो तिथे चालत नाही. अमेरिकेत नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला वार्षिक कोटा नाही. लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड आधी दोन वर्षांसाठी सशर्त मिळते.

पुढची पाच वर्षे

ब्रिटनचा पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. त्यावर नोकरी करता येते, मात्र सरकारी भत्ते घेता येत नाहीत. पुढे ३० महिन्यांची मुदतवाढ मिळते. तेव्हा ए-२ पातळीचे इंग्रजी, मिळकत आणि एकत्र राहण्याचे पुरावे पुन्हा द्यावे लागतात. विजेचे बिल, बँकेची पत्रे, डॉक्टरकडची नोंदणी दोघांच्या नावे पहिल्या महिन्यापासून जपावी लागतात, ती याचसाठी. पाच वर्षांनी बी-१ पातळीची भाषा आणि ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

नाते मध्येच तुटले, तर व्हिसाचा आधार संपतो. मात्र जोडीदाराचा मृत्यू झाला किंवा घरात छळ होत असेल, तर पाच वर्षे पुरी होण्याआधीही कायम वास्तव्य मागता येते. पत्नीला भारतात आणून सोडून देणाऱ्या पतींची प्रकरणे ध्यानात घेऊन ३१ जानेवारी २०२४पासून अशा स्त्रियांना ब्रिटनबाहेरूनही अर्ज करण्याची सोय झाली. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९पासून अशा तक्रारी हाताळतो.

कायम वास्तव्य मिळाले, तरी भारतीय पासपोर्ट कायम राहतो. सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास कायम वास्तव्याचा परवाना संपतो. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला परवान्यानंतर लगेच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ते घेतले, की भारताचे नागरिकत्व जाते, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, हे कार्ड घेता येते. त्यावर भारतात कितीही काळ राहता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.