ज्याचं जळतं त्याला कळतं!

अल क्वोजच्या गोदामांच्या आणि वर्कशॉपांच्या गल्ल्यांतून जाताना सहसा कुणी मान वर करून बघत नाही. आता मात्र बघण्यासारखं आहे. २०१५ साली ‘शम्स दुबई’ योजना सुरू झाली आणि पत्र्याच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली. दुबईच्या वीज-पाणी खात्याची २०१३ साली उघडलेली ‘सस्टेनेबल बिल्डिंग’ही याच भागात आहे. खात्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘देवा’, त्यामुळे दर महिन्याला देवाला दक्षिणा चढवण्याचा विनोद आपल्या घराघरांतून होतोच!

या सगळ्यामागे ‘स्मार्ट ग्रिड’ नावाची कल्पना आहे. विजेचं गणित गरम पोळीसारखं असतं. तव्यावरून उतरली की लगेच पानात वाढायची. साठवून ठेवणं महागात पडतं. आजवर पानं मांडली जातील तशा पोळ्या लाटल्या जात होत्या, म्हणजे मागणी वाढली की वीज केंद्र जास्त चालवायचं. सूर्य मात्र आपल्या सोयीनं तळपत नाही. तेव्हा आता खाणाऱ्यांनीच वेळ थोडी पुढेमागे करावी, अशी अपेक्षा आहे, आणि त्यासाठी कोणी केव्हा किती वीज वापरली हे सांगणारा स्मार्ट मीटर लागतो.

इथपर्यंत आम्हा इंजिनियर मंडळींचा प्रांत. प्रश्न पुढे येतो. मीटर भिंतीवर असतो, पण बटण कोण दाबतं?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधक योलांड स्ट्रेंजर्स यांनी यावर नेमकं बोट ठेवलं आहे. स्मार्ट ग्रिड आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो ग्राहक असतो, त्याला त्यांनी ‘रिसोर्स मॅन’ म्हटलं. आकडे बघायची आवड असलेला, हिशेबी, यंत्रांशी खेळणारा पुरुष. वर्णन वाचून मला आरशात बघितल्यासारखं वाटलं! पण वॉशिंग मशीन केव्हा लावायचं हे आमच्या घरी मी ठरवत नाही. शाळेचे गणवेश ठरवतात. ब्रिटनमध्ये टॉम हारग्रीव्हज् आणि सहकाऱ्यांनी वीजवापर दाखवणारे छोटे पडदे बसवलेल्या घरांचा अभ्यास २०१० आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीचं कौतुक ओसरलं, पडदा घरातल्या इतर वस्तूंसारखाच कोपऱ्यात पडून राहिला आणि काही वापर तर ‘यात तडजोड नाही’ असेच ठरले.

आपल्याकडे काय होतं बघा. दुबईत आपल्यासारख्या परदेशी कुटुंबांना महिन्याच्या पहिल्या २००० युनिटांना २३ फिल्स आणि पुढच्या २००० युनिटांना २८ फिल्स असा चढता दर आहे. इंधन अधिभार वेगळा. म्हणजे बिल विचारतं ‘किती?’. महाराष्ट्रात मात्र १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत जाहीर झाली. तिथलं बिल विचारू लागलं ‘केव्हा?’. सौर वीज दुपारी भरपूर असते, म्हणून हिशेब चोख आहे. पण पुण्यात नवराबायको दोघंही नोकरीला गेलेले असतील, तर दुपारी मशीन लावणार कोण? सवलतीचा लाभ त्या घराला, जिथे दिवसा कुणीतरी असतं. आणि सकाळच्या गीझरचं काय? नऊनंतर आंघोळ करा म्हटलं, तर देवपूजा खोळंबलेल्या आजी मीटरलाच उंबऱ्याबाहेर काढतील!

म्हणून घराला दोष द्यायचा का? मुळीच नाही. घरं स्वतःच तंत्रज्ञान वळवून घेतात. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं. तेव्हा आपली मंडळी गीझर चक्क बंद करतात आणि घरातल्या गारव्यात मुरलेलं पाणी गरम पाण्याच्या नळातून घेतात. ही युक्ती कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती, गरजेनं शिकवली. भिंतीतली पाण्याची गळती स्मार्ट मीटरमुळे कळते आणि देवाकडून सूचना येते, तिचंही घरोघरी स्वागतच होतं, कारण ती नेमकी उपयोगाची आहे.

उलट, ‘तुमच्यासारख्या घरांपेक्षा तुमचा वापर जास्त’ असा शेरा आला की माणूस वैतागतो. आई-बाबा तीन महिने राहायला आलेत, घरात तान्हं बाळ आहे, ऑगस्टमध्ये एसी बंद कसा करणार? भाड्याच्या फ्लॅटला ना स्वतःचं छप्पर, ना एसी बदलायचा अधिकार. आणि इथल्या कामगार वसाहतींत एका खोलीत राहणाऱ्या माणसांपर्यंत तर बिलाचा कागदही पोचत नाही. यंत्रणा कितीही हुशार असो, ज्याच्या हातात काहीच नाही त्याला ती शहाणपण शिकवू शकत नाही.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. विजेच्या बाबतीत ज्याला कळतं त्याला विचारायला हवं, आणि तो बहुधा स्वयंपाकघरात सापडतो. तेव्हा वाचकहो, या महिन्याचं बिल आलं की नुसतं भरून मोकळे होऊ नका. घरातल्या सगळ्यांना, अगदी मदतनीस बाईंनाही, सोबत घेऊन बसा. कुठली कामं पुढेमागे होऊ शकतात आणि कुठली अजिबात नाही, याची यादी करा. दुसरी यादी पहिलीइतकीच महत्त्वाची. ग्रिड आखणाऱ्या आमच्यासारख्यांना तीच बहुतेकदा ठाऊक नसते.