पेशी केवळ डेंग्यूनेच उतरत नाहीत
पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत ताप येऊन ‘पेशी’, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट, उतरल्या, की पहिला संशय डेंग्यूवर जातो. पण बांधीतल्या चिखलात चिघळलेली पायाची जखमही त्यामागे असू शकते. जखमेतला स्टॅफिलोकॉकस जंतू रक्तात शिरला, तर त्याच्या अल्फा विषाचे 7 रेणू गोलाकार जुळतात आणि प्लेटलेटच्या आवरणाला आरपार भोक पाडतात. त्यातून कॅल्शियम आत घुसते. मग कुठे कापलेले नसतानाही प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात, वाया जातात. रक्त थांबवायला उरतच नाहीत. रक्ताच्या मायक्रोलिटरमागे एरवी किमान दीड लाख असणारा प्लेटलेटचा आकडा असा घसरतो. इथे पपईच्या पानांचा रस कामाचा नाही, प्रतिजैविकच हवे. पाय लाल होऊन सुजला आणि थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना जखम आधी दाखवा.