माळ्यावरची जुनी बाटली

रायपूरच्या समता कॉलनीत एका परिचितांकडे गोंदियाचे एक धान उत्पादक शेतकरी भेटले. त्यांनी विचारले, "डॉक्टर, माळ्यावर एन्डोसल्फानची जुनी बाटली आहे. तुडतुड्यांवर चालेल का? फवारणी मुलगाच करतो."

उत्तर स्पष्ट होते : नाही. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याच वर्षी स्टॉकहोम करारात टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांच्या यादीत त्याचा समावेश झाला. असे पदार्थ सहज विघटित होत नाहीत. माती, पाणी आणि अन्नसाखळीतून ते शरीरात पोहोचतात.

केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ एन्डोसल्फानची हवाई फवारणी झाली. बागांच्या पायथ्याशी असलेल्या गावातील ११७ मुलांची तुलना फवारणीपासून दूरच्या ९० मुलांशी करणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. फवारणीच्या संपर्कातील मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आणि लैंगिक परिपक्वता लांबलेली, असा संबंध त्यात आढळला. ही मुले फवारणी करणारी नव्हती, हे विशेष लक्षात घ्यावे.

तुडतुड्यांसाठी प्रथम बांधीतील पाणी काढावे, नत्र बेताने द्यावे. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच शिफारशीतील कीटकनाशक हातमोजे, मास्क व पूर्ण कपडे घालून फवारावे. जुना साठा विहिरीत, नाल्यात वा बांधावर ओतू नये. कृषी अधिकाऱ्यांना कळवून त्यांच्या सूचनेनुसार विल्हेवाट लावावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावभेटीत पिकाबरोबर माळ्याचीही चौकशी करावी. तेथील बाटलीचा प्रश्न पुढच्या पिढीशी निगडित आहे.