मागाच्या मापाचं घर

ल्योंच्या टेकडीवरचे रेशीम विणकरांचे कारखाने आज ऐसपैस फ्लॅट म्हणून विकले जातात. ती उंची कशी आली आणि ती विकत घेताना पदरात नेमकं काय पडतं?

फ्रान्समधल्या ल्यों शहरात क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे. तिथलं जुनं घर विकायला निघालं की जाहिरातीत काही गोष्टी हमखास असतात : चार मीटरच्या आसपास उंच छत, उघड्या ठेवलेल्या लाकडी तुळया, छताला भिडू पाहणाऱ्या खिडक्या, दगडी जिना आणि पोटमाळा. ‘कान्यू फ्लॅट’ एवढं लिहिलं तरी तिथल्या गिऱ्हाइकाला पुढचं कळतं. कान्यू म्हणजे ल्योंचे रेशीम विणकर. आज चढ्या भावानं विकली जाणारी ही उंची कुणा सरदाराच्या हौसेतून आलेली नाही. एका यंत्राला उभं राहायला जागा हवी होती, म्हणून ती ठेवावी लागली.

छत उंच का झालं?

ल्योंला रेशमी कापड विणण्याची राजमान्यता 1536 मध्ये मिळाली. सुरुवातीचे विणकर सोन नदीकाठच्या जुन्या वस्तीत, ठेंगण्या खोल्यांत माग चालवत. नक्षीचं कापड विणताना ताण्याचे ठरावीक धागे दर खेपेला वर ओढावे लागत आणि त्यासाठी मागाशेजारी एक मदतनीस सतत दोऱ्या खेचत बसे. 1752 मध्ये याच शहरात जन्मलेल्या जोझेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास हे काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर सोपवलं. कोणता धागा उचलायचा, हे पुठ्ठ्यावरची भोकं ठरवू लागली. आपल्याकडे ‘जॅकार्ड’ म्हणतात ते हेच. येवल्यातही पैठणीचे काही माग आज जॅकार्डवर चालतात.

हे यंत्र मागाच्या डोक्यावर बसतं. जुन्या खोल्यांत ते मावेना. त्याच सुमारास क्रुआ-रूसच्या उतारावरच्या मठांच्या जमिनी मोकळ्या झाल्या होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीत त्या जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या. टेकडीचा माथा तर तटबंदीच्या बाहेर, 1852 पर्यंत वेगळंच गाव. शहरात येणाऱ्या मालावरची जकात तिथं लागत नसे. बांधकाम करणाऱ्यांनी तिथं पाच-सहा मजली इमारती उभ्या केल्या त्या थेट मागाचं माप धरून. वजन आणि हादरे पेलावेत म्हणून तुळया जवळजवळ टाकल्या. रेशमाच्या छटा ओळखू याव्यात म्हणून खिडक्या उंच ठेवल्या.

अशा खोलीत खिडक्यांजवळची उजेडाची जागा मागांची. माणसांच्या वाट्याला मागची काळोखी बाजू यायची. तिथं चूल आणि चुलीच्या वर फळ्यांचा पोटमाळा. कुटुंब आणि शिकाऊ पोरं तिथं झोपत. खाली दिवसाचे चौदा-पंधरा तास माग खडखडत असत.

या खोल्यांनी पाहिलेला लढा

1830 च्या सुमारास ल्योंमध्ये सुमारे 8,000 मागमालक कारागीर आणि 30,000 च्या आसपास त्यांचे सोबती विणकर होते. त्यांना रेशीम पुरवून कापड उचलणारे व्यापारी मूठभर. पण मजुरीचा दर त्यांच्या हातात. ऑक्टोबर 1831 मध्ये जिल्ह्याच्या प्रशासकासमोर किमान दर ठरला आणि अनेक व्यापाऱ्यांनी तो झुगारला. 21 नोव्हेंबरला विणकर टेकडी उतरून शहरात शिरले आणि काही दिवस ल्यों त्यांच्या ताब्यात राहिलं. डिसेंबरच्या सुरुवातीला सैन्य आलं, दर रद्द झाला. एप्रिल 1834 मध्ये पुन्हा उठाव झाला आणि तो रक्तपातात चिरडला गेला. युरोपातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात या उठावांचा मान पहिल्या काहींतला आहे.

पुढे यंत्रमाग आले, विणकाम खेड्यापाड्यांत गेलं, विसाव्या शतकात कृत्रिम धाग्यानं रेशमाची जागा घेतली. माग निघाले, खोल्या उरल्या. 1970 च्या दशकात ग्रांद-कोत चढणीवरची काही घरं पाडलीही गेली. बाकीची वाचली याचं एक साधं कारण म्हणजे ती राहण्याजोगी होती. मोठी खोली मोकळी मिळाली की तिच्यात बिऱ्हाड, स्टुडिओ, ऑफिस काहीही बसतं. 1998 मध्ये टेकडीचा उतार ल्योंच्या जुन्या भागांसह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि मग भावही चढले.

पाच सेंटिमीटरचा हिशेब

असा फ्लॅट घेताना पहिली पारख पोटमाळ्याची करावी लागते. फ्रान्समध्ये 1996 च्या ‘कारे’ कायद्यानुसार सामायिक इमारतीतला फ्लॅट विकताना क्षेत्रफळ कागदावर लिहून द्यावंच लागतं, आणि 1.80 मीटरपेक्षा कमी उंचीची जागा त्यात धरता येत नाही. समजा, छत चार मीटरवर आहे. पोटमाळ्याचा तळ 2.10 मीटरवर आणि त्याची जाडी 15 सेंटिमीटर. वर उरतात 1.75 मीटर. वर पलंग, कपाट, अभ्यासाचं टेबल सगळं मावत असलं, तरी कायद्याच्या लेखी त्या पोटमाळ्याचं क्षेत्रफळ शून्य. म्हणून जाहिरातीत बऱ्याचदा दोन आकडे दिसतात : एक कायद्याचा, दुसरा प्रत्यक्ष वापराचा. भावाची घासाघीस पहिल्या आकड्यावर करावी. प्रत्यक्ष क्षेत्रफळ लिहिलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरलं, तर खरेदीदाराला वर्षभराच्या आत त्या प्रमाणात पैसे परत मागता येतात.

दुसरी गोष्ट सामायिक मालकीची. 1965 च्या कायद्याप्रमाणे फ्लॅटसोबत जिना, छप्पर, दर्शनी भिंत यांतला हिस्साही मालकाच्या नावावर येतो आणि त्या हिश्शाप्रमाणे खर्च वाटला जातो. तुळयाही बहुधा सामायिकच असतात, त्यामुळे नवा पोटमाळा त्यांना टांगायचा तर मालकांच्या सभेची मंजुरी लागते. आधीच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं खरेदीदाराला द्यावी लागतात. ती नीट वाचावीत. छपराचा किंवा जिन्याचा मोठा खर्च येऊ घातला असेल, तर त्याचा सुगावा तिथंच लागतो.

उतारावरच्या संरक्षित भागात खिडकी बदलायची तरी सरकारी वारसा-वास्तुविशारदाची संमती लागते. 1949 च्या आधीच्या घरांत रंगातल्या शिशाची तपासणी सक्तीची आहे. उंच खोली तापवायला इंधनही जास्त लागतं. भाड्यानं द्यायचा विचार असेल, तर ऊर्जेची श्रेणी आधी पाहावी. सगळ्यात खालच्या ‘जी’ श्रेणीतली घरं 2025 पासून नव्यानं भाड्यानं देता येत नाहीत, 2028 पासून ‘एफ’चीही तीच गत. प्राथमिक करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्यावरही खरेदीदाराला दहा दिवस माघार घेता येते. जुन्या घरासाठी नोंदणी-कर आणि नोटरीचा खर्च मिळून किमतीच्या सात-आठ टक्के धरून चालावं.

काही इमारतींच्या पोटातून त्राबूल जातात, म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या बोळवाटा. त्या खासगी असल्या, तरी काही ठिकाणी नगरपालिकेशी झालेल्या करारानुसार दिवसा लोकांना खुल्या असतात. बदल्यात झाडलोट आणि दिवाबत्तीचा भार नगरपालिका उचलते. फ्लॅट घेणाऱ्यानं ही वर्दळ मनापासून स्वीकारूनच घर घ्यावं.

उंची राखायची कुणी?

जुनी वास्तू वापरात राहिली तरच टिकते, हे क्रुआ-रूसनं दाखवून दिलं. पण वापर बदलताना काय सोडायचं नाही, हेही ठरवावं लागतं. पोटमाळा भिंतीपासून भिंतीपर्यंत नेला, की चार मीटरच्या एका खोलीच्या दोन बुटक्या खोल्या होतात आणि जिच्यासाठी पैसे मोजले तीच गोष्ट हातची जाते. खिडक्यांकडची, पूर्वी मागांची असलेली बाजू छतापर्यंत मोकळी ठेवणं, हे मालकानं स्वतःहून पाळायचं पथ्य आहे. कायदा खिडकीच्या चौकटीपर्यंत पोचतो, आतल्या मोकळेपणापर्यंत सहसा पोचत नाही.

दुसरी जबाबदारी शहराची. प्लास कोलबेरवरच्या ‘कूर दे व्होरास’ या 1840 च्या सुमाराच्या इमारतीचा सहा मजली उघडा जिना बघायला जगभरातले लोक येतात. 1990 च्या दशकात तिची दुरुस्ती झाली ती माफक भाड्याच्या घरांसाठी. ल्योंमध्ये नोव्हेंबर 2021 पासून भाड्यांवर मर्यादाही आहे. मजुरीच्या दरासाठी ज्या टेकडीवरून माणसं लढायला उतरली, तिथं आजच्या कष्टकऱ्याला बिऱ्हाड करता येणार नसेल, तर वारसा जपल्याचा दावा अर्धाच खरा. तुळया राखायला सुतार मिळतो. तिथं कष्टकऱ्यांना राहता येईल एवढी जागा मात्र धोरण म्हणून, खर्च सोसून राखावी लागते. आणि ल्योंनं ती अशाच आणखी इमारतींत राखली पाहिजे.