स्लॅब भरले, ताबा अडला

मुंबई-ठाण्यातल्या टॉवरमध्ये घर नोंदवलेली मंडळी कामाची प्रगती मजल्यांनी मोजतात. बाविसावा स्लॅब झाला की त्याचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोचतो. पण मजले चढणे हा या कामाचा सर्वांत ठळक दिसणारा आणि बहुधा सर्वांत वेगाने होणारा भाग असतो. उशीर साचतो तो त्याआधी जमिनीखाली आणि त्यानंतर आतल्या कामांत व कागदांत.

दोन-तीन तळघरांच्या पार्किंगसाठी खोल खड्डा घ्यावा लागतो. शेजारच्या इमारतीखालची माती सरकू नये म्हणून आधी कडेने पाइलची भिंत उतरते, मग खोदाई सुरू होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते आणि पंप लावूनही काम जेमतेम चालते. परवानगीही टप्प्याटप्प्याने मिळते. मुंबईत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, साधारणपणे आधी जोत्यापर्यंतच दिले जाते. जोते तपासून झाल्यावर पुढच्या मजल्यांची सीसी येते, तीही अनेकदा तुकड्यांत, पालिकेचा प्रीमियम भरला जाईल तशी. पुनर्विकासात मूळ रहिवाशांची इमारत रखडली, की विक्रीच्या इमारतीची परवानगीही अडकते.

जोत्याच्या वर आल्यावर मात्र काम पळू लागते. अ‍ॅल्युमिनियमचे मायवान शटरिंग वापरले तर भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरता येतात आणि एक मजला आठ-दहा दिवसांतही होतो. पैशाचे वेळापत्रकही याच सांगाड्याला बांधलेले असते. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, त्याच्या महाराष्ट्रातील नियमांतल्या नमुना करारानुसार करार झाल्यावर किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना उरतात ते शेवटचे पाच टक्के. थोडक्यात, शेवटचा स्लॅब भरेपर्यंत ग्राहकाचे बहुतेक पैसे गेलेले असतात आणि कटकटीचे काम अजून बाकी असते. खर्चाच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, पण शेवटच्या टप्प्यात ग्राहकाच्या हातात दबावाचे साधन फारसे राहत नाही, हेही तितकेच खरे.

हे उरलेले काम एकमेकांत गुंतलेले असते. बाहेरच्या भिंतीला लावलेल्या हॉइस्टमधून फरशा, दरवाजे, पाइप वर जातात. तो उतरवल्याशिवाय त्याला लागून असलेल्या घरांच्या खिडक्या आणि बाहेरचे प्लास्टर पुरे होत नाही. तो उतरवायचा तर लिफ्ट चालू हव्यात आणि लिफ्टला कायमची वीज लागते. अग्निशमनाच्या पाइपलाइनी, स्प्रिंकलर, पंप आणि आपत्तीत थांबण्यासाठी मोकळे ठेवलेले रेफ्युज मजले यांची तपासणी स्वतंत्र होते. त्यातच होळी, छठ किंवा गावाकडच्या निवडणुकीला मजूर गेले की टाइल्सवाल्यांची आख्खी टोळी काही आठवडे गायब होते. बिल्डरकडे रोकड कमी पडली, तर कात्री सर्वांत आधी याच कामांना लागते.

सगळ्यात शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, अर्थात ओसी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहण्यायोग्य आहे, अशी पालिकेने दिलेली ही लेखी ग्वाही. त्यासाठी आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला, अग्निशमन दलाची अंतिम मंजुरी, लिफ्टचा परवाना, मलनिस्सारणाची जोडणी असे कागद लागतात. काही मजल्यांना आधी ‘पार्ट ओसी’ मिळू शकते. याच सुमारास बिल्डर ‘फिट-आउट ताबा’ देऊ करतात. त्याचा अर्थ फर्निचर करून घेण्यापुरती किल्ली. प्रत्यक्षात दुहेरी खर्चाने, म्हणजे भाड्याने आणि हप्त्याने, थकलेली कुटुंबे तिथेच मुक्काम ठोकतात.

ओसीविना राहण्याची किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागते. मुंबईतील एका सोसायटीच्या सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण ओसी नव्हती. मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. ओसी न मिळवणे ही रोज चालू राहणारी चूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये ठरवले. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातले प्रकरण याहून गंभीर होते. १९८०च्या दशकात तिथे मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढले आणि २०१४ मध्ये पालिकेचे पथक रहिवाशांच्या वीज-पाण्याच्या जोडण्या तोडायला दारात उभे राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितले, की वीज, पाणी व सांडपाण्याच्या जोडण्या आणि इमारतीवरचे बँकेचे कर्ज हे सारे पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावे.

रेरा कायद्याने मे २०१७ पासून ताब्याच्या तारखेला बंधन आणले. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून जमीन व बांधकामासाठीच वापरावी लागते. तारीख हुकली तर कलम १८ दोन वाटा देते: प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह परतावा, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज. महाराष्ट्रात हा व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरहून दोन टक्के अधिक असतो. कोविडकाळात, २०२० मध्ये, महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, प्रकल्पांना सरसकट मुदतवाढ दिली होती आणि त्या काळाचे व्याज मिळाले नाही.

महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरला दर तिमाहीला प्रगतीची माहिती द्यावी लागते. तिथे चढलेल्या स्लॅबपेक्षा मंजूर मजले आणि प्रस्तावित मजले यांतला फरक अधिक बोलका असतो. तिसाव्या मजल्यावर घर विकले आणि सीसी अठराव्यापर्यंतच असेल, तर जाहिरातीतल्या तारखेला फारसा आधार नाही. नुकसानभरपाईचा आदेश मिळाल्यावरही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर महारेरा वसुली वॉरंट काढते. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. त्यात मालमत्ता शोधणे, जप्ती आणि लिलाव असे टप्पे असतात आणि तोपर्यंत ग्राहकाला तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात.