परवानगी कोणी, कोणाला आणि कशाची?



आज ज्या प्रश्नाविषयी मला बोलावयाचे आहे, तो तुम्हां सर्वांना आजवर शेकडो वेळा विचारला गेला आहे आणि बहुतेकांनी तो न वाचताच त्याचे उत्तरही दिले आहे. फोनमध्ये नवे अ‍ॅप घेतले की चौकट उमटते : या अ‍ॅपला तुमचे संपर्क पाहू द्यायचे का? मायक्रोफोन वापरू द्यायचा का? आपल्याला काम उरकण्याची घाई असते. बोट होकारावर पडते आणि चौकट नाहीशी होते.

या चौकटीमागे काय आहे ते आधी पाहू. अँड्रॉइड फोन हा बिऱ्हाडकरूंचा वाडा आहे असे समजा. प्रत्येक अ‍ॅप हे एक बिऱ्हाड. फोनची यंत्रणा त्याला स्वतंत्र वापरकर्ता मानते, आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत सहसा डोकावता येत नाही. परंतु कॅमेरा, संपर्कांची यादी, एसेमेस, आपले ठिकाण या गोष्टी घरमालकाच्या, म्हणजे तुमच्या, ताब्यात असतात आणि त्यांची किल्ली मागावी लागते. परवानगी ती हीच. २०१५ पर्यंत अँड्रॉइडवर या किल्ल्या सुट्या मिळत नसत. सगळा जुडगा द्या, नाही तर अ‍ॅप घेऊ नका, असा मामला होता. त्या वर्षी आलेल्या अँड्रॉइड ६ पासून एकेक किल्ली गरजेच्या वेळी मागण्याची आणि दिलेली परत घेण्याची सोय झाली.

किल्ली मागणाऱ्याला तिची गरज असतेच असे नाही. अमेरिकेत विजेरीचे एक लोकप्रिय अ‍ॅप होते. ते फोनधारकाचे नेमके ठिकाण जाहिरात कंपन्यांकडे पाठवीत असे, असा ठपका तेथील फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१३ मध्ये ठेवला. अटी मान्य की अमान्य, हे माणसाने सांगण्यापूर्वीच माहिती रवाना होत असे! दिवा लावण्यासाठी तो लावणारा कोठे उभा आहे हे कळण्याची गरज ती काय? हाच प्रश्न प्रत्येक अ‍ॅपला विचारावा. नकाशाला ठिकाण हवे, हे रास्त. गणकयंत्राला ते कशाला? हवामान सांगणाऱ्याला हवे, पण गल्लीसकट नको, शहर कळले तरी पुरे. अंदाजे ठिकाण देण्याचा पर्याय आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून आहे.

येथवर नुकसान झालेच तर आपले होते. संपर्कांच्या यादीचे तसे नाही. काही वर्षांपूर्वी मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. अमुक गृहस्थाने आमचे कर्ज थकवले आहे, त्यास समजवा, नाही तर तुमचीही बदनामी होईल, अशी भाषा. ते गृहस्थ माझे जुने शेजारी. त्यांनी अडचणीच्या दिवसांत एका अ‍ॅपवरून थोडे पैसे उचलले होते आणि संपर्क पाहण्याची परवानगी दिली होती. त्या यादीत त्यांचे व्याही होते, कचेरीतले साहेब होते, आणि मी होतो. परवानगी त्यांनी दिली. पण नंबर माझा होता, आणि मला कोणी विचारले होते? शेजाऱ्यांवर मी रागावलो नाही. ते महिनाभर कोणासमोर मान वर करीत नव्हते, हे मी पाहिले आहे.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांना संपर्कयादी, फाइली आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावण्यास मनाई केली. गुगलनेही आपल्या प्ले स्टोअरवर तसाच नियम २०२३ मध्ये केला. त्याच वर्षी संसदेने केलेल्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात तर उदाहरणच दिले आहे : घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि बाईंनी ती दिली, तरी सल्ल्यासाठी यादीची आवश्यकता नसल्यामुळे त्यांची संमती सल्ल्यापुरतीच धरावी. मसुदा लिहिणाऱ्यांचे मला कौतुक वाटले. कायद्यात इतके घरगुती उदाहरण क्वचित भेटते.

पण हे नियम पुढच्या दाराने येणाऱ्यांसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे असतात. ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप असते. ते एसेमेस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराने वाचला असे समजा. याहून भारी किल्ली अ‍ॅक्सेसिबिलिटीची. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा म्हणून ही सोय केलेली आहे, आणि ती फार मोलाची आहे. परंतु जे अ‍ॅप पडदा वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणही दाबू शकते, ते लबाडाच्या हाती पडले तर बाकीच्या किल्ल्या त्याला मागाव्याच लागत नाहीत.

घरी गेल्यावर सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या भागात परवानग्यांचे पान उघडा. फोनच्या बनावटीप्रमाणे नावे थोडी बदलतात. अ‍ॅपवार पाहू नका, किल्लीवार पाहा : एसेमेस कोणाकडे, संपर्क कोणाकडे, मायक्रोफोन कोणाकडे. अ‍ॅक्सेसिबिलिटीचे पान बहुधा वेगळे असते, तेही पाहा. नको ते काढून घ्या. एखादे अ‍ॅप कुरकुरले, तर ते पुन्हा विचारील.

मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, ती पत्रिका उघडून अ‍ॅप बसवले गेलेच असेल तर? प्रथम फोनचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा, आणि लगोलग १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. त्याच फोनवरून नव्हे.