चांद्याचे एकोणीस राजे

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची वंशावळ समोर घ्या आणि नुसती बेरीज करा. १८६९ साली जमीन महसुलाच्या बंदोबस्ताच्या वेळी मेजर ल्युसी स्मिथ या अधिकाऱ्याने ती आपल्या अहवालात उतरवून ठेवली. सुरुवात भीम बल्लाळसिंहापासून, इसवी सन ८७०. शेवट निळकंठशहाशी, १७५१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांनी राज्य घेतलं तेव्हा. ८८१ वर्षं आणि राजे अवघे १९! दर राजाला सरासरी ४६ वर्षं गादी. एकट्या बाबाजी बल्लाळशहाला तर १४४२ ते १५२२ अशी ८० वर्षं.

आता अबुल फजलची 'आईन-इ-अकबरी' उघडा. ती सोळाव्या शतकाच्या अखेरची. तिच्यात चांद्याचा गोंड राजा बाबाजी दिल्लीला खंडणी न देता, ४०,००० पायदळ बाळगून राज्य करतो आहे. यादीप्रमाणे त्याला जाऊन तेव्हा सुमारे सत्तर वर्षं झाली होती! अकबराच्या दरबारातल्या एवढ्याशा नोंदीने अख्खी वंशावळ जागची हलते. झरपट नदीच्या पाण्याने ज्याचं दुखणं बरं झालं आणि ज्याने चांदा वसवला असं सांगतात, तो खांडक्या बल्लाळशहा यादीत १२४२ ला गादीवर येतो. बाबाजी पुढे सरकला की तोही सरकतो, आणि त्याच्याबरोबर शहराचं वयही. मला वाटतं, नावं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकली. ताणली गेली ती वर्षं.

आणि यादीतलं रक्ताचं नातं? तिच्यातल्याच बीरशहा राजाचा खून झाल्यावर राणी हिराईने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत कारभार स्वतः पाहिला. बीरशहाची देखणी समाधी तिनेच उभारली. त्या १९ नावांत मात्र हिराई नाही.

राजवाड्याबाहेर, जंगलातल्या गावांत, कुळं लक्षात ठेवायची रीत निराळी होती. परधान, म्हणजे गोंडांचे भाट, किंगरी हे तंतुवाद्य वाजवत आपल्या गोंड यजमानांच्या कुळाची कथा गात. सनावळी नाही, आपण किती देवांचे, हे मात्र पक्कं ठाऊक. चार, पाच, सहा, सात. सारख्या देवांची माणसं एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे कधी गाठही न पडलेल्या दोन घरांचं नातं नुसत्या आकड्यावरून उलगडतं. केवढी स्मरणशक्ती ही, आणि तीही कागदाशिवाय!

उदाहरणार्थ, मेश्राम कुळ सात देवांचं. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या केसलापूरला त्यांचा कुलदेव नागोबा आहे. पुष्य अमावास्येच्या महापूजेसाठी मेश्राम पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. त्याच जत्रेत नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात. या ओळखीला 'भेटिंग' म्हणतात. ती झाल्यावरच सून त्या कुळाची होते, नागोबाच्या पूजेत तिला जागा मिळते.